मे महिन्यात मुलीला दिवसभर कुठे ठेवायचं? (पुणे, वारजे-कोथरूड)

मीरा_वारजे:
लेक साडेपाच वर्षांची आहे, सीनियर केजी संपतंय आणि शाळा आता थेट जूनमध्ये. मला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावंच लागतं, नवऱ्याची फिरतीची नोकरी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्यांच्यावर टाकायचं नाहीये. समर कॅम्पची चौकशी केली तर सगळे साडेनऊ ते साडेबारा, तेही दहा-पंधरा दिवसांचे. साडेबारानंतर एवढंसं मूल जाणार कुठे? जेवण-झोपेसकट दिवसभराचा कॅम्प कुणाला माहिती आहे का? आणि नवीन ठिकाणी टाकताना तुम्ही काय काय बघता?

अनुची_आई:
ताई, दिवसभराचा कॅम्प शोधत बसू नका, आधी पाळणाघर पक्कं करा. बरीच पाळणाघरं सुट्टीत शाळेच्या मुलांची वेगळी बॅच घेतात पण जागा मार्चपर्यंत भरतात, त्यामुळे आजच फोन करा. कॅम्प त्याच गल्लीतला किंवा चालत जाता येईल असा बघा आणि पाळणाघरातल्या ताई सोडतील-आणतील का, त्याचे पैसे वेगळे का, हे आधीच बोलून घ्या. कॅम्प कितीही छान असला तरी भर उन्हात साडेबाराला न्यायला कोण जाणार यावरच सगळं अडतं. आणि बघायला जायचं तर सकाळी जाऊ नका, जेवणाच्या वेळेला जा. टीव्ही लावून भरवतात की पंगतीत बसवून, ताटात उरलं तर ओरडतात का, बाथरूमला सोबत कोण जातं, झोपायच्या खोलीत हवा खेळते का, ते सगळं तेव्हाच कळतं.

सागर_के:
एचआरला विचारलंत का? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते, 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं. आमच्याकडे ऑफिसमध्ये नाही पण जवळच्या डेकेअरशी टायअप आहे, हे मला कलीगकडून कळलं, स्वतःहून कुणी सांगत नाही. मेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी मिळेल. वयाची अट मात्र बघा, बऱ्याच ठिकाणी सहा वर्षांपर्यंतच घेतात.

कर्वेनगर_काकू:
मी घरी पाळणाघर चालवते म्हणून सांगते. एक मे ला एकदम नऊ तास ठेवून जाऊ नकोस गं, आधी एक-दोन शनिवार दोन तास आण, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. पहिल्यांदा रडेल, पण सोडताना लपून जायचं नाही, सांगून जायचं, नाहीतर पोर दिवसभर दाराकडे बघत बसतं. न्यायला कोण कोण येणार ते फोटोसकट लिहून द्यायचं आणि जे पाळणाघर असं मागत नाही तिथे ठेवायचंच नाही. उन्हाळ्यात ओलं खोबरं घातलेली भाजी डब्यात नको, दुपारपर्यंत आंबते. घरचं पांघरूण दे, त्या वासाने लवकर झोपतात.

निलेश_प:
महिनाभर आजोळी पाठवा की, आम्ही सगळे तसेच वाढलो.

अनुची_आई:
निलेशदादा, तेव्हा तिथे मामी, मावश्या, दहा भावंडं असायची. आता दोन म्हातारी माणसं आणि एक मूल, दोघांचेही हाल होतात. आठवडाभर ठीक आहे.

मीरा_वारजे:
खूप आभार सगळ्यांचे. एचआरला मेल केला, आणि घराजवळची दोन पाळणाघरं उद्या जेवणाच्या वेळेला बघून येते. काकू, तुमच्याकडे मे मध्ये जागा आहे का? मेसेज केलाय, बघाल का?