मदत हवी आहे: दीड तासात आठ जणांचं शाकाहारी जेवण

मंडळी, आत्ताच फोन आला, रात्री आठ जण जेवायला येताहेत. सगळे शाकाहारी, त्यातल्या एकाला कांदा-लसूण चालत नाही. घरात तांदूळ, बटाटे, टोमॅटो, फ्रीजरमधले मटार आणि दही आहे. छोले भिजवलेले नाहीत, म्हणजे तो विषय संपला.

मटार पुलाव करावा म्हणते. माणशी अर्धी वाटी तांदूळ पुरतील ना? माझं मोठं पातेलं बुडाला पातळ आहे, भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. मग दोनदा कुकर लावू, की भरपूर पाण्यात शिजवून निथळून घेऊ?

कांद्याशिवाय रस्सा दाट कसा करायचा? उकडलेला बटाटा कुस्करून घातला तर चिकट नाही ना होणार? गोडाला फळं कापेन. पोळ्या मात्र सुचवू नका, प्लीज!