जिन्याखालची लांबट बॅग

सेक्रेटरी (ए-२०४): नमस्कार मंडळी. टाकीच्या कामासाठी गच्चीच्या जिन्याखालची जागा रिकामी करतोय. तिथे एक लांबट काळी बॅग सापडली, चेन गंजलेली. कोणाची आहे? रविवारपर्यंत कोणी बोललं नाही तर भंगारात जाईल.

डी-१०१: क्रिकेटचं किट असणार.

सेक्रेटरी (ए-२०४): नाही हो. आत दोन वाकड्या चपट्या पट्ट्या, धातूची एक जाडजूड मूठ आणि एक नळकांडं. नळकांड्यात सळया.

सी-१०२ काका: सळया नाहीत, बाण आहेत. पट्ट्या म्हणजे लिंब आणि मूठ म्हणजे रायझर. हात लावू नका, माझं धनुष्य आहे ते.

बी-५०३: काका, तुम्ही आणि धनुष्य?? 😳

सेक्रेटरी (ए-२०४): पार्किंगच्या वादात दोन वर्षं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. हे आधी माहीत असतं तर तुम्हालाच पुढे केलं असतं.

सी-१०२ काका: क्लबात होतो, आठ वर्षं. स्पर्धाही खेळलो. आता खांदा वर होत नाही.

बी-३०४ ताई: काका, आमची लेक गेल्या महिन्यापासून तिरंदाजीला जाते. अजून बाण हातात दिलेला नाही, नुसती रबराची पट्टी ओढायला लावतात. ती वैतागलीय. हे असंच असतं का?

सी-१०२ काका: असंच असतं, आणि असंच असावं. मला तर तीन महिने रबरच ओढायला लावलं. त्यानंतर पाच पावलांवर बट, म्हणजे बाण रुतवायचा जाड गठ्ठा, त्यावर टार्गेटचा कागदच नाही. डोळे मिटून सोडायचा. कुठे लागला ते बघायचंच नाही, हनुवटीखाली हात रोज त्याच जागी येतो का एवढंच बघायचं. वैताग मलाही यायचा. पण पुढे ३० मीटरवर उभं राहिलं की ८० सेंटीमीटरच्या कागदावरचा दहाचा गोल म्हणजे जेमतेम ८ सेंटीमीटर, हाताच्या पंजाएवढा. हात केसभर इकडेतिकडे झाला की बाण मधल्या पिवळ्याबाहेर, लाल रंगात. तिला सांग, आर्मगार्ड, म्हणजे हातावर बांधायचं कवच, विसरू नकोस. दोरीचा फटका कोपराच्या आतल्या बाजूला बसला की आठवडाभर निळं राहतं.

सी-१०२ काकू: स्वतःच्या क्लिकरचं पण सांगा की.

सी-१०२ काका: आता ते कशाला.

सी-१०२ काकू: मीच सांगते मग. रायझरवर पत्र्याची एक बारीक पट्टी असते, बाण तिच्याखालून ओढायचा. पुरता ओढला गेला की ती टक् करून वाजते, आणि त्यानंतरच सोडायचा. यांचं काय व्हायचं, नेम पिवळ्यावर आला रे आला की टक् व्हायच्या आधीच बोटं सुटायची. इकडे मैदानावर सगळे शांत, तिकडे बाण गवतात. टार्गेट पॅनिक म्हणतात त्याला. पुन्हा चार महिने डोळे मिटून बटवर बसवलं होतं यांना.

डी-१०१: काकू, तुम्हीही त्याच क्लबात?? 😂

सी-१०२ काका: त्याच क्लबात, आणि त्या दिवशी त्याच टार्गेटवर. विषय निघालाच आहे तर सांगतो. क्लबातली वार्षिक स्पर्धा, ३० मीटर, ३६ बाण. माणसं कमी, म्हणून बायका-पुरुष एकत्रच. शिटी दोनदा वाजली की रेषेवर जायचं, एकदा वाजली की सुरू, तीनदा वाजली की बाण आणायला निघायचं. त्या तीन शिट्ट्यांनंतरची चाल फार वाईट. लांबून सगळे बाण पिवळ्यातच दिसतात, जवळ जाईस्तोवर एकेक लालात सरकायला लागतो.

शेवटची फेरी. शेवटचा बाण नऊ आणि दहाच्या मधल्या रेघेवर. नियम असा की बाणाची दांडी रेघेला शिवली तर वरचा गुण. मी म्हटलं दहा. समोरच्या तिरंदाजाने म्हटलं नऊ. एकमत झालं नाही तर बाण उपटायचा नाही, कागदालाही हात लावायचा नाही, पंचाला बोलवायचं. पंच भिंग घेऊन आले, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, नऊ. पंचांचा शब्द अखेरचा. मी एका गुणाने दुसरा.

बी-५०३: अरेरे. आणि पहिला कोण?

सी-१०२ काकू: सांगा की 😄

सी-१०२ काका: जिने नऊ म्हटलं तीच.

ए-६०१: काकू!!!! 🏹🏹

डी-१०१: म्हणजे प्रतिस्पर्धीच गुण सांगणार? हा कुठला न्याय?

सी-१०२ काकू: तीच तर गंमत आहे. ज्याचा बाण तोच गुण पुकारतो, टार्गेटवरचे बाकीचे तपासतात आणि लिहून घेतात. समोरच्याला सगळं दिसत असतं, खोटं टिकत नाही. आणि नऊच होता तो.

सी-१०२ काका: दहा होता. बरोबरी झाली असती, मग दहा कोणाचे जास्त ते मोजलं असतं. माझे जास्त होते.

डी-१०१: काका, सरळ जाड बाण लावायचा ना. रेघेला आपोआप शिवला असता.

सी-१०२ काका: इनडोअरला लोक तेच करतात. बाहेर जाड बाणाला वारा धरतो. म्हणून बाहेर बारीक. शिवाय जाडीलाही ९.३ मिलिमीटरची मर्यादा आहे, खांब सोडता येत नाही 😀

ए-६०१: पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये असंच झालं होतं. पुरुषांची फायनल, कोरियाचा किम वूजिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन. ५-५ अशी बरोबरी, मग एकेक बाण. दोघांचाही दहा! केंद्राच्या जवळ कोणाचा ते मोजलं आणि किम ४.९ मिलिमीटरने जिंकला.

सी-१०२ काका: बघितली ती मॅच. एलिसनकडे बघवेना.

बी-३०४ ताई: (लेक लिहितेय) आजोबा, आता सेट असतात. तीन बाणांचा सेट, जिंकला की २ पॉइंट, बरोबरी झाली तर १, आधी ६ झाले की जिंकलो. म्हणजे एक बाण वाईट गेला तरी फक्त तो सेट जातो 🙂

सी-१०२ काका: माहितेय बाळा, २०१० पासून आलं ते. टीव्हीवर छान दिसतं. पण मला जुनंच बरं वाटतं. सकाळी नऊला मारलेला वाईट बाण संध्याकाळपर्यंत बेरजेत बसून राहायचा, त्याला सोबत घेऊनच पुढचा मारायचा. आपला तिरंदाज लिंबा राम, त्याने १९९२ मध्ये बीजिंगला ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ मारले, जागतिक विक्रमाशी बरोबरी. ३६ बाणांत दोनच गुण गेले! आम्ही तो आकडा पाटीवर लिहून ठेवला होता. माझे ३११ व्हायचे तेव्हा तिकडे बघायची लाज वाटायची.

बी-३०४ ताई: (लेक) कंपाउंडला, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्याला, अजून बेरीजच असते आजोबा. ओजस देवतळेने २०२३ ला बर्लिनच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले. आणि अदिती स्वामी १७ वर्षांची असताना तिथेच वर्ल्ड चॅम्पियन झाली.

सी-१०२ काका: १५ बाण, १५ दहा. कंपाउंडला चाकं असतात, भिंग असतं, ते आमच्यासारखं नाही असं मी म्हणायचो. त्या दिवसापासून म्हणत नाही.

सेक्रेटरी (ए-२०४): काका, बॅग ऑफिसात आणलीय. मुलांना जोडून दाखवू का? दोरी ओढून बघतो जरा.

सी-१०२ काका: नाही!! बाण न लावता दोरी सोडायची नाही, कधीच नाही. बाणात जाणारा सगळा जोर लिंबांत परत येतो, तडा जाईल. शिवाय इतक्या वर्षांची लिंबं, तुटली तर डोळ्यात जातील. मी खाली येतोय.

सेक्रेटरी (ए-२०४): ठेवलं, ठेवलं. बाहेरच्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद निघाला. पिवळा-लाल-निळा. पिवळ्यातलं एक भोक पेनाने गोल केलंय. फोटो टाकतो.

सी-१०२ काकू: हा कागद तुम्ही ठेवलाय? इतकी वर्षं?

सी-१०२ काका: राहिला असेल बॅगेत.

डी-१०१: मंडळी, झूम करा. मतदान घेऊ. ९ की १०?

ए-६०१: १०. रेघ तुटलेली स्पष्ट दिसते.

बी-५०३: ९.

सी-१०२ काकू: उगाच भांडू नका, बाण उपटला की कागद फाटतो, भोकावरून काही ठरत नाही. म्हणूनच तर आधी पंच बोलवतात.

डी-१०१: १० ला १४ मतं, ९ ला ६.

सी-१०२ काका: 🙏

सी-१०२ काकू: भिंग होतं का कोणाकडे? नऊ.

सेक्रेटरी (ए-२०४): उद्या सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. भरून ठेवा.

डी-१०१: १० की ९? 😂