अभंगात रिव्हर्ब टाकला की शब्द बुडतात

प्रश्न:
घरच्या घरी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर एक अभंग मिक्स करतेय. गळा वहिनीचा, साथीला पेटी, पखवाज, टाळ. लय 80 बीपीएम. देवळात गायल्यासारखं वाटावं म्हणून चारही ट्रॅकवर हॉल रिव्हर्ब (मोठ्या सभागृहासारखा घुमारा) टाकला, डिके (तो विरायला लागणारा वेळ) 3.2 सेकंद. रात्री हेडफोनवर ऐकून मीच भारावले. सकाळी ओट्यावर फोन ठेवून आईला ऐकवलं तर म्हणाली, "चाल गोड आहे, पण म्हणतेय काय ती?" खरंच, जोडाक्षरं विरघळलीत आणि टाळांचा छणछणाट मागे रेंगाळतोय. रिव्हर्ब काढला की गाणं ओकंबोकं. काय करू?

प्रतिसाद 1:
ताई, चार ट्रॅकवर चार रिव्हर्ब नकोत. वेगळ्या ट्रॅकवर एकच ठेवा, वेट (घुमारा) 100 टक्के, ड्राय (मूळ आवाज) शून्य, आणि ज्याला हवा त्याच्यातून सेंड द्या, म्हणजे त्याच्या आवाजाचा हवा तेवढा भाग तिकडे पाठवा. रिव्हर्बच्या आधी ईक्यू (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणारं साधन) लावून 600 हर्ट्झच्या खालचं आणि 10 किलोहर्ट्झच्या वरचं कापा. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतली ही जुनी रीत. नाहीतर पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा घुमारा सगळ्यावर पसरतो. टाळांना सेंडच देऊ नका, त्यांचा नाद मुळातच लांब.

प्रतिसाद 2:
प्री-डिले बघा, म्हणजे मूळ आवाजानंतर रिव्हर्ब किती वेळाने सुरू होतो ते. शून्यावर असेल तर शब्द सुटताक्षणी रिव्हर्ब त्याच्यावर चढतो. तुमच्या लयीत एक मात्रा 750 मिलिसेकंदांची, तिचा सोळावा भाग साधारण 47. तिथून सुरुवात करून कानाने ठरवा. डिके निम्म्यावर आणा. पुढची ओळ उचलायच्या आत रिव्हर्बचं शेपूट विझलं पाहिजे. आणि हे देवळातल्या स्पीकरवर वाजणार असेल तर अजून कमी करा, दगडी सभामंडप स्वतःचा रिव्हर्ब घालतोच.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! टाळांचा सेंड काढला तिथेच निम्मं काम झालं. प्री-डिले 50, डिके 1.6. 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' आता टाळूवर आपटलेला ऐकू येतो, आणि त्यानंतर मागे जागा उघडते. अंगावर काटा आला. मागाहून जोडलेल्या कोरसला सेंड जास्त दिला, तर ती माणसं आपोआप वहिनीच्या मागे जाऊन उभी राहिली. पेटीला किती देऊ?

प्रतिसाद 1:
अगदी थोडा. पेटी गळ्याच्याच पट्ट्यात वाजते, तिचं शेपूट वाढलं की शब्द पुन्हा झाकले जातील. भात्याचा श्वास ऐकू येतोय तोवरच वाढवा.