व्हीलचेअर खरंच लागते त्यांनी किती थांबायचं?

ठाणेकर:
दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर (पाय ताठ धरणारा पट्ट्यांचा आधार), उजव्या काखेत कुबडी. घर-ऑफिस एवढ्यावर निभतं, विमानतळावरचं अंतर मात्र झेपत नाही. गेल्या महिन्यात मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. नियमाप्रमाणे ४८ तास आधी कळवायचं असतं, मी तिकीट काढतानाच कळवलं होतं. काउंटरवर म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं." पन्नास मिनिटं झाली. जवळपास बाक नव्हता. उभं राहायचं तर गुडघ्याचा लॉक लावावा लागतो, आणि मग मांडीवरचा पट्टा रुतत जातो. घरी जाऊन पाहिलं तर कातडी सोललेली.

तेवढ्यात माझ्यासमोर एक बाई खुर्चीतून सिक्युरिटीला गेल्या. तपासणी झाल्यावर उठल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि तरातरा गेटकडे गेल्या. मला रडू आलं. विमानातल्या बाथरूमपर्यंत जाणं जमत नाही म्हणून मी आदल्या रात्रीपासून पाणी तोडते, त्यात हे.

माझ्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र आहे. ते दाखवल्याशिवाय खुर्ची द्यायचीच नाही, असं का करत नाहीत?

एडिसनवासी:
ताई, त्या बाई माझी आई असू शकल्या असत्या. तिला ७१ वर्षं झाली, रोज देवळापर्यंत चालत जाते. तरी मी दर वेळी तिच्यासाठी व्हीलचेअर सांगते. इंग्रजी येत नाही, मधे विमान बदलायचं असतं. एकदा ऐन वेळी गेट बदललं आणि ती जुन्याच गेटवर दोन तास बसून राहिली. तेव्हापासून मी धसका घेतलाय. सोबत करणारा माणूस हवा, खुर्ची नको, असं मी फोनवर सांगून पाहिलं. 'मीट अँड असिस्ट' नावाची सोय असते म्हणे. पलीकडची मुलगी म्हणाली, "व्हीलचेअरच टाका, ते सोपं पडतं." मी टाकली. तुमचं वाचून आज वाईट वाटतंय.

साताऱ्याची:
कार्डाची सक्ती नको, कळकळीने सांगते. माझ्या यजमानांचं हृदय जेमतेम पंचवीस टक्के काम करतं. बघणाऱ्याला धडधाकट दिसतात. कार्ड नाही, आणि शंभर पावलांत धाप लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेले ८० वर्षांचे गृहस्थ आठवा. पत्नीला खुर्ची मिळाली, त्यांची यायची होती, म्हणून ते तिच्याबरोबर चालत निघाले. वाटेत कोसळले आणि गेले. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. नुसतं बघून कोण ठरवणार?

टर्मिनलवर आठ वर्षं:
मी खुर्च्या ढकलायचं काम केलंय. अमेरिकेचं विमान आलं की एका हाताने एक, दुसऱ्या हाताने दुसरी, अशा दोन-दोन ढकलायचो. ठाणेकर ताई, तुमच्या नावापुढे कोणता कोड पडलाय ते विचारा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. त्याला विमानाच्या आत चालणारी अरुंद खुर्ची आणि दोन माणसं लागतात. फोनवर नुसतं 'व्हीलचेअर' म्हटलं की बहुतेक वेळा 'आर' पडतो, म्हणजे तुम्ही आणि देवळात चालत जाणाऱ्या आजी एकाच यादीत. खरं सांगतो, आमच्यातले काही जण 'आर' आधी उचलायचे. काम हलकं, बक्षिशी तेवढीच.

ठाणेकर:
हा कोड मला इतक्या वर्षांत कोणीही सांगितला नव्हता. आत्ता परतीच्या तिकिटासाठी फोन केला. 'आर'च होता. "जिना चढता येत नाही, बसमधून नेणार असाल तर लिफ्टची गाडी लागेल," असं सांगून 'एस' करून घेतला आणि तसा ईमेल मागवला.

साताऱ्याच्या ताई, कार्डाचं म्हणणं मागे घेते. तुमच्या यजमानांना कुठे अडवलेलं मला चालणार नाही.

एडिसनवासी, राग तुमच्या आईवर नाही. त्यांना माणूस हवा होता, कंपनीने खुर्ची दिली, आणि ती कुणाच्या तरी वाट्याची होती. तो माणूस लेखी मागा, दर वेळी मागा. तोवर आईंच्या पर्समध्ये एक जाड कागद ठेवा: फ्लाइट नंबर, तुमचा फोन आणि इंग्रजीत ठळक, 'मला फक्त मराठी येतं, या गेटपर्यंत पोचवा.' गेट नंबर पेन्सिलीने लिहा, म्हणजे बदलला तर खोडता येईल.