मदत हवी आहे: लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलल्यापासून वजनकाट्यावर एकाच नंबरच्या दोन पावत्या निघताहेत, फाइल लॉक पाळलं जात नाही

गाळप_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितोय, कारण नेमकं कुठे चुकतंय ते मलाच कळत नाहीये.

मी एका साखर कारखान्यात काट्यावरचे संगणक सांभाळतो. काटे दोन: एक ट्रक-ट्रॅक्टरचा, एक बैलगाड्यांचा. पावत्यांचा अनुक्रमांक मात्र दोघांत मिळून एकच, आणि तो सर्व्हरवरच्या एका छोट्या फाइलीत असतो. दोन्ही प्रोग्राम त्याच सर्व्हरवर चालतात, काट्यावर नुसती टर्मिनलं आहेत. म्हणजे मध्ये एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) वगैरे काही नाही, सर्व्हरचीच साधी एक्स्ट४ डिस्क.

ट्रॅक्टरच्या काट्याचा प्रोग्राम मी लिहिलाय. गाडी चढली की फाइल उघडतो, एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलने (कर्नलला केलेल्या मागणीने) लॉक घेतो, म्हणजे तोवर दुसऱ्याने फाइलीला हात लावू नये, नंबर वाचतो, वजन स्थिर होईपर्यंत थांबतो, पावती छापून झाली की पुढचा नंबर लिहितो आणि फाइल बंद. लॉक आठ-दहा सेकंद माझ्याकडे राहतं. ते मुद्दाम तसं ठेवलंय, कारण मध्येच गाडी खाली उतरली तर नंबर वाया जायला नको. ऑडिटला मधला नंबर गायब चालत नाही.

बैलगाडीच्या काट्याचा प्रोग्राम २००६ चा आहे, ३२ बिटांचा. लिहिणारे गृहस्थ वारले, सोर्स कुणाकडेच नाही. तरी मी आल्यापासून कधी नंबर डबल झाला नव्हता.

दिवाळीआधी सर्व्हर बदलला, कर्नल ४.१९ वरून ६.१ वर गेलं. गाळप सुरू झाल्यावर तिसऱ्याच रात्री, पहाटे सव्वातीनला, एका ट्रॅक्टरवाल्याच्या आणि एका गाडीवानाच्या हातात एकच नंबर: १८४३२. गाडीवान खिडकीशी येऊन विचारत होता, "साहेब, माझा ऊस दुसऱ्याच्या नावावर तर नाही ना गेला?" ऊसबिल त्या नंबरावर निघतं, त्यामुळे त्याची भीती अगदी खरी होती. तेव्हापासून हे चार वेळा झालंय. लॉकचा कॉल दर वेळी ० परत देतो, म्हणजे लॉक मिळतंय. मग दुसरा प्रोग्राम आत शिरतो कसा?

सी_आणि_चहा

तीन गोष्टी इथे टाका. तुमचा प्रोग्राम लॉक धरून बसलेला असताना /प्रॉक/लॉक्समधली (चालू लॉकांच्या यादीतली) ओळ. त्या विभाजनाची एफएसटॅबमधली (डिस्क कशी जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीतली) ओळ. आणि एलएस -एल केल्यावर नंबरच्या फाइलीच्या परवानग्या. जमलं तर जुन्या प्रोग्रामवर एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून एक पावती काढा.

गाळप_रात्रपाळी

/प्रॉक/लॉक्स: "१: पॉझिक्स अ‍ॅडव्हायझरी राइट २२१४ ०८:०२:१३१०८४ ० ईओएफ". २२१४ हा माझाच प्रोग्राम.

एफएसटॅबमध्ये पर्यायांच्या जागी "डिफॉल्ट्स,मँड" आहे. तो मँड माझ्या आधीच्या माणसाने घातलेला, मी नव्या सर्व्हरवर ओळ जशीच्या तशी उचलली. फाइलीच्या परवानग्यांत गटाच्या तिसऱ्या जागी एक्सऐवजी मोठा एस दिसतो. तो कशाला, हे मला कधीच कळलं नाही.

एसट्रेसमध्ये जुना प्रोग्राम: ओपन (वाचन-लेखन), रीड, मग तीच फाइल पुन्हा ओपन (फक्त वाचन) आणि लगेच क्लोज, एलसीक, राइट, क्लोज. लॉकचा एकही कॉल नाही.

कर्नलवाचक

तो मँड आणि तो मोठा एस, या दोघांत सगळं उत्तर आहे.

तुमच्या आधीच्या माणसाने सक्तीचं (मँडेटरी) लॉक चालू केलं होतं. युनिक्समधली नेहमीची लॉकं सल्ल्यापुरती (अ‍ॅडव्हायझरी) असतात: ज्याने विचारलं त्याला अडवायचं, ज्याने विचारलंच नाही तो खुशाल वाचतो-लिहितो. लिनक्समध्ये मात्र विभाजन मँड पर्यायाने माउंट केलं (जोडलं) आणि फाइलीला सेटजीआयडी लावून गटाची एक्झिक्यूट परवानगी काढली (तोच तुमचा मोठा एस), तर एफसीएनटीएलचं लॉक सक्तीचं व्हायचं. मग साधं रीड-राइट करणारा प्रोग्रामसुद्धा लॉक सुटेपर्यंत कर्नलच्या आत थांबून राहायचा. तुमचा जुना प्रोग्राम इतकी वर्षं तसाच थांबत होता, त्याला स्वतःला पत्ता नसताना.

५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ च्या अखेरीला, हे कर्नलमधून काढून टाकलं. मँड लिहिलं तरी माउंट यशस्वी होतं, पर्याय नुसता दुर्लक्षिला जातो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) एक इशारा येतो, तोही बूट झाल्यापासून एकदाच. जुन्या सर्व्हरवर /प्रॉक/लॉक्समध्ये "अ‍ॅडव्हायझरी"च्या जागी "मँडेटरी" दिसलं असतं. आता तिथे कायम अ‍ॅडव्हायझरीच दिसणार.

आणखी एक गोष्ट, ही नीट वाचा. ४.१९ वरही तुम्ही पूर्ण सुरक्षित नव्हता. जुना प्रोग्राम रीड आणि राइट यांच्या मध्ये काहीच धरत नाही. त्याने १८४३१ वाचला, तेवढ्यात तुम्ही लॉक घेऊन तोच वाचलात, की नंबर डबल. फक्त त्याची ती फट काही मायक्रोसेकंदांची आणि तुमची आठ-दहा सेकंदांची. सक्तीच्या लॉकने तुमची मोठी फट बुजवली होती, त्याची छोटी उघडीच होती. आता मोठीही उघडी पडली, म्हणून तिसऱ्याच रात्री सापडलं.

नवशिका_लिनक्स

पण यूजरस्पेस (कर्नलवर चालणारे प्रोग्राम) मोडायचं नाही हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम ना? मग असं कसं काढलं?

कर्नलवाचक

वापरणारं कुणी उरलं नाही अशी खात्री वाटली की काढतात. २०१५ मध्ये ही सोय कंपाइल करताना बंद करता येईल असा पर्याय घातला, फेडोरा आणि आरएचईएल ८ या लिनक्स वितरणांनी ती बंद केली, इतर वितरणंही त्याच वाटेने गेली, फारशी ओरड झाली नाही. शिवाय ती सोय कधीच धड नव्हती. एखादं राइट चालू असतानाच लॉक मंजूर होऊ शकायचं, एममॅपचा (फाइल थेट मेमरीत जोडण्याचा) घोळ वेगळाच. कर्नलच्या कागदपत्रांत १५ एप्रिल १९९६ तारखेची मँडेटरी लॉकिंगची एक फाइल होती. २००७ मध्ये तिच्या सुरुवातीलाच "हे का टाळावं" असा भाग जोडला होता. तरीही माउंट गुपचूप यशस्वी होऊ द्यायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे. माउंट अडलं असतं तर हे दादा त्याच दिवशी इथे आले असते आणि त्या गाडीवानाला खिडकीशी यावं लागलं नसतं.

गाळप_रात्रपाळी

खूप आभार. डीमेसेजमध्ये तो इशारा खरंच आहे, बूट झाल्यावर काही सेकंदांतला. मी पाहिलाच नव्हता.

आता करू काय? ४.१९ वर परत जाऊ? की जुन्यासारखं सक्तीचं लॉक देणारं छोटं कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) लिहू? सी मला बरी येते.

सी_आणि_चहा

दोन्ही नको. ४.१९ ची देखभाल डिसेंबर २०२४ मध्ये संपली, तिथे परत जाणं म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर पाणी सोडणं.

मॉड्यूलचं मी अनुभवाने सांगतो, दुसऱ्या फाइलसिस्टिमवर थरासारखी बसणारी एक छोटी फाइलसिस्टिम मी काही वर्षं मुख्य कर्नलच्या कोडबाहेर सांभाळली आहे. सिस्टिम कॉल स्थिर असतात, पण कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याचं वचन कुणीच देत नाही. ६.३ मध्ये आयनोडच्या (कर्नलमधल्या फाइलीच्या नोंदीच्या) बहुतेक ऑपरेशनांचा यूजर नेमस्पेसचा पॅरामीटर जाऊन एमएनटी_आयडीमॅप आला, त्याच वेळी लॉकच्या व्याख्या एफएस.एच मधून फाइललॉक.एच मध्ये गेल्या. ६.९ मध्ये तर फाइल_लॉक ही रचनाच फोडली: लीज वेगळी झाली, दोघींतला सामाईक भाग फाइल_लॉक_कोर मध्ये गेला, आणि जिथे एफएल_टाइप लिहायचो तिथे सी.एफएलसी_टाइप लिहावं लागलं. पुढे ६.१५ मध्ये एमकेडीआयआरचा (फोल्डर बनवणाऱ्या फंक्शनचा) परतावा बदलला. दर वेळी शेकडो ओळींच्या चुका, आणि कंपाइल झाल्यावर खरी भीती सुरू व्हायची की लॉकची साफसफाई क्लोजच्या वेळी अजून बरोबर होतेय का. ऐन गळिताच्या हंगामात हे अंगावर घेऊ नका.

जुना प्रोग्राम डायनॅमिक लिंक (लायब्ररीतली फंक्शनं चालताना जोडून घेणारा) असेल तर एलडी_प्रीलोडने (आपली लायब्ररी आधी जोडणाऱ्या सोयीने) त्याच्या ओपनवर आपलं फंक्शन बसवा आणि तिथेच लॉक घ्या. आधी एनएम -डी (आयात फंक्शनांची यादी देणारी आज्ञा) लावून बघा की तो ओपन आयात करतो की एफओपन. एफओपनच्या आतलं ओपन जीलिबसी या सी लायब्ररीच्या आतच होतं, ते असं पकडता येत नाही.

गाळप_रात्रपाळी

प्रोग्राम डायनॅमिक निघाला, आयात फक्त ओपन. काल रात्री प्रीलोड लिहिलं: नंबरची फाइल उघडली की खऱ्या ओपनने मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलीच्या क्रमांकावर) एफ_सेटएलकेडब्ल्यू (लॉक मिळेपर्यंत थांबणारी एफसीएनटीएलची मागणी), पूर्ण फाइल, राइट लॉक. चाचणीसाठी राइटच्या आधी पाच सेकंदांची झोप घातली. /प्रॉक/लॉक्समध्ये लॉक क्षणभर दिसतं आणि राइटच्या आधीच नाहीसं होतं! मी कुठेही सोडत नाहीये.

कर्नलवाचक

तुमचं एसट्रेस परत बघा. जुना प्रोग्राम तीच फाइल दुसऱ्यांदा उघडतो आणि लगेच बंद करतो. पॉझिक्स लॉक (एफसीएनटीएलचं नेहमीचं) डिस्क्रिप्टरचं नसतं, प्रोसेसचं असतं. त्या प्रोसेसने त्या फाइलीचा कुठलाही डिस्क्रिप्टर बंद केला की तिची त्या फाइलीवरची सगळी लॉकं सुटतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणाऱ्यांनाही याच नियमासाठी आपल्या कोडमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागली आहे.

तुम्हाला ओएफडी (ओपन फाइल डिस्क्रिप्शन) लॉक हवंय. कर्नल विकसक जेफ लेटन यांनी ते कर्नल ३.१५ मध्ये, २०१४ साली आणलं, आता पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही आहे. हे लॉक त्या एका उघडलेल्या फाइलीला चिकटतं, दुसरा डिस्क्रिप्टर बंद झाल्याने त्याला धक्का लागत नाही. एफ_सेटएलकेडब्ल्यूच्या जागी एफ_ओएफडी_सेटएलकेडब्ल्यू लिहा, एल_पीआयडी (प्रोसेस क्रमांकाची जागा) ० ठेवा. तुमच्या ट्रॅक्टरच्या प्रोग्रामला हात लावायची गरज नाही, जुन्या पद्धतीचं लॉक आणि ओएफडी लॉक एकमेकांना अडवतात. फ्लॉक (लॉकचा दुसरा कॉल) मात्र वापरू नका, लोकल डिस्कवर त्याला एफसीएनटीएलची लॉकं दिसत नाहीत.

आता खरी खाच. दुसऱ्या ओपनवर लॉक मागू नका. एरवी ओएफडीमध्ये एकाच प्रोसेसची दोन ओपनसुद्धा परस्परांना अडवतात आणि कर्नल तिथे डेडलॉक (एकमेकांसाठी अडून बसणं) ओळखत नाही, तुमचा काटा कायमचा लटकला असता. तुमचं दुसरं ओपन फक्त वाचनाचं आहे, तिथे राइट लॉक मागितलंत तर ईबीएडीएफ (डिस्क्रिप्टर चालत नाही अशी चूक) मिळेल. तेव्हा वाचन-लेखनाच्या ओपनवरच लॉक घ्या. प्रीलोडही ३२ बिटांचंच हवं, आणि ते कंपाइल करताना _फाइल_ऑफसेट_बिट्स ६४ ठेवा, ओएफडीचे कॉल ६४ बिटांची रचना धरून चालतात.

गाळप_रात्रपाळी

दोन रात्री झाल्या. पहिल्या रात्री मुद्दाम झोप ठेवून दोन्ही काट्यांवर रिकाम्या पावत्या काढल्या, दोनशेच्या वर. एकही डबल नाही, एकही नंबर गायब नाही. काल झोप काढून खऱ्या गाड्यांवर लावलं. ट्रॅक्टर वजनावर असला की बैलगाडीची पावती काही सेकंद अडते, पण ते पूर्वीही असंच व्हायचं, चिटबॉयला सवय आहे. मँड आणि तो मोठा एस दोन्ही काढून टाकले. डबल झालेल्या चारही पावत्या शेतकी विभागात बसून वजनाच्या नोंदींवरून दुरुस्त केल्या, आणि त्या गाडीवानाला स्वतः जाऊन नवी पावती दिली.

एकच शंका उरली. /प्रॉक/लॉक्समध्ये ओएफडी लॉकच्या ओळीत पीआयडीच्या जागी -१ येतो. उद्या काटा अडला तर लॉक कुणी धरलंय ते रात्री कसं शोधायचं?

सी_आणि_चहा

ते लॉक प्रोसेसचं नाही, म्हणून -१. संशयित प्रोसेसच्या /प्रॉक मधल्या एफडीइन्फो फोल्डरात जा. ज्या डिस्क्रिप्टरवर लॉक आहे त्याच्या फाइलीत "लॉक:" ने सुरू होणारी ओळ सापडेल. ग्रेपची (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेची) एक ओळ रात्रपाळीच्या वहीत लिहून ठेवा.