अर्धवट ठशावरून दहा लाख बोटांमध्ये शोध जलद कसा करावा?

प्रश्न: शेवटचे_वर्ष, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रकल्पासाठी सुमारे दहा लाख बोटांच्या कृत्रिम ठशांचा साठा तयार केला असून त्यात खऱ्या माणसांचे ठसे नाहीत. पूर्ण ठसा दिल्यास निकाल समाधानकारक येतो. परंतु बोटाच्या एका कडेचा, मध्यभाग न दिसणारा तुकडा दिला की घोडे अडते. एका तुलनेस एक मिलिसेकंद धरला तरी सगळा साठा चाळण्यास जवळजवळ १७ मिनिटे लागतात, आणि शंख, चक्र, कमान असे वर्ग आधी पाडून साठा लहान करावा, तर तुकड्यावरून वर्गच ठरवता येत नाही. खरा ठसा हातचा न जाऊ देता हा शोध काही सेकंदांत कसा आणता येईल?

उत्तर: वर्धारोडचा_प्रोग्रामर

या कामापुरता वर्गीकरणाचा नाद सोडून द्यावा. ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत, जिच्या बांधणीत त्यांचे भारतीय सहकारी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, ठशांच्या पत्रिकांचे १०२४ प्राथमिक गट पाडते. पण त्यासाठी दहाही बोटांचे ठसे समोर असावे लागतात. आपल्याकडे एका बोटाचा तुकडाच आहे.

त्याऐवजी, रेघ जिथे संपते किंवा जिथे तिला फाटा फुटतो, त्या बिंदूंचे त्रिकोण करावेत. प्रत्येक बिंदूचे सर्वांत जवळचे पाच शेजारी घेऊन त्यांतील दोन-दोन निवडले की त्याचे दहा त्रिकोण होतात. बाजूंच्या लांबी आणि बाजूंच्या तुलनेत रेघांची दिशा यांवरून त्रिकोणाची जी किल्ली (ओळखीचा आकडा) बनते, ती ठसा फिरवला वा सरकवला तरी बदलत नाही, आणि तिला बोटाचा मध्यभाग दिसण्याची गरजही नसते. पूर्ण ठशात ८० बिंदू धरले तर एका बोटाचे ८०० आणि दहा लाख बोटांचे ८० कोटी त्रिकोण होतील. बोटाचा क्रमांक व तीन बिंदूंचे क्रमांक एका नोंदीस आठ बाइटांत बसतात, म्हणजे नोंदी साडेसहा गीगाबाइटच्या आत राहतात. बऱ्या संगणकाच्या मेमरीत एवढे मावते.

तुकड्यात १४ बिंदू असतील तर फार तर १४० किल्ल्या शोधायच्या आणि प्रत्येक किल्लीच्या कप्प्यात ज्या बोटाची नोंद सापडेल त्याला एक मत द्यायचे. इथे नुसती मते मोजणे पुरेसे नाही, कारण मोठ्या साठ्यात योगायोगाने जुळणारे त्रिकोण पुष्कळ निघतात. प्रत्येक जुळणीतून किती फिरवावे आणि किती सरकवावे हे काढून, ज्या बोटाची मते एकाच फिरवण्या-सरकवण्यावर एकवटतात त्यालाच वर आणावे. वरची ५०० बोटे आपल्या सध्याच्या तुलनेकडे सोपवली की तिला अर्धा सेकंद लागेल. बोट दाबले की कातडी ताणली जाते आणि लांबी थोडी बदलते, म्हणून किल्लीच्या शेजारचे कप्पेही तपासावेत. ५०० डीपीआयला (एका इंचात ५०० ठिपके) दोन रेघांमधले अंतर साधारण नऊ पिक्सेल असते, ते मोजमाप धरून कप्प्यांची रुंदी ठरवावी.

उत्तर: निवृत्त_ठसेतज्ज्ञ

घटनास्थळी मिळणाऱ्या अशा ठशाला आम्ही चान्स प्रिंट म्हणतो. वरील उत्तरातील गणित योग्य आहे, मात्र त्याला पुरवले जाणारे बिंदू खरे आहेत का, हे आधी पाहावे. तुकड्याच्या सीमेवर प्रत्येक रेघ तुटलेली दिसते आणि यंत्र ते टोक रेघेचा शेवट म्हणून नोंदवते, त्यामुळे सीमेलगतची पट्टी वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात काचेवरचा घाम लवकर आटतो, पावडर सर्वत्र सारखी धरत नाही आणि अखंड रेघही ठिपक्यांची माळ दिसू लागते.

दुसरे असे की यंत्राने उत्तर देऊ नये, यादी द्यावी. २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगनमधील एका वकिलाचा ठरवला होता. स्पॅनिश पोलिसांनी तो एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवल्यावर एफबीआयला माघार घ्यावी लागली. साठा जितका मोठा, तितके परक्या माणसाचे बोट जास्त जवळचे निघण्याचा संभव वाढतो, आणि त्रिकोण कितीही कौशल्याने मोजले तरी हा धोका टळत नाही.

शेवटचे_वर्ष, नागपूर

दोघांचेही आभार. चाचणीसाठी साठ्यातल्याच प्रतिमा कापून तुकडे करावेत का?

उत्तर: वर्धारोडचा_प्रोग्रामर

तसे करू नये. साठ्यातलीच प्रतिमा कापली तर त्रिकोण जसेच्या तसे जुळतात आणि निकाल उगाचच देखणा दिसतो. त्याच बोटाच्या दुसऱ्या उमटीतून तुकडा कापावा. एफव्हीसी २००२ या ठसे जुळवणाऱ्या प्रणालींच्या स्पर्धेच्या संचांत प्रत्येक बोटाच्या आठ उमटी आहेत. त्यांतली एक दहा लाखांत मिसळून उरलेल्यांचे तुकडे शोधायला द्यावेत. निकाल मांडताना खरे बोट यादीत कितव्या स्थानी आले आणि त्यासाठी साठ्याचा किती भाग उघडावा लागला, हे दोन्ही आकडे तुकड्यातील बिंदूंच्या संख्येनुसार वेगवेगळे द्यावेत, कारण आठ बिंदूंचा आणि वीस बिंदूंचा तुकडा एकाच सरासरीत घातला तर पद्धत नेमकी कुठे गळते ते कळणार नाही.