पाचटातून इथेनॉल: यीस्टच्या जनुकांवर एवढा खर्च का?

मांजरीकर: सोलापूर रस्त्याने दर हंगामात जळतं पाचट (उसाचा वाळलेला पाला) दिसतं आणि जीव तुटतो. त्यात साखरच आहे, फक्त सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या काडीच्या चिवट घटकांमध्ये अडकलेली. ती सोडवली तरी नेहमीचं यीस्ट त्यातलं ग्लुकोज तेवढं आंबवून इथेनॉल करतं. हेमिसेल्युलोजमधल्या झायलोज नावाच्या साखरेला तोंड लावत नाही. चिपाडाचाही (रस काढून उरलेल्या उसाचा) साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज, म्हणजे ही साखर सोडून द्यायची? २००३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी पिरोमायसिस नावाच्या बुरशीतला एक जनुक यीस्टमध्ये बसवला. ही बुरशी भारतीय हत्तीच्या लिदीतून मिळालेली! त्या जनुकामुळे झायलोजचं झायल्युलोज, म्हणजे यीस्टला वापरता येणारी साखर, एकाच पायरीत होतं. त्याआधीच्या दोन पायऱ्यांच्या वाटेत बरीच साखर झायलिटॉल या मधल्याच पदार्थावर अडकून वाया जायची. असं काम पुण्यात जोरात व्हायला हवं. इथल्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणखी काय पाहिजे?

खोडवा_शेतकरी: दादा, पाचट कचरा नाही. आम्ही ते जाळत नाही, सरीत पसरून कुजवतो. ओल टिकते, तण कमी, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. आणि चिपाड तर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज होते. मग इथेनॉलसाठी शिल्लक माल नेमका कुठे पडला आहे?

प्रयोगशाळेतली: मी आंबवण्याचंच काम करते, तरी माझं मत मांजरीकरांच्या विरुद्ध आहे. झायलोज खाणारं यीस्ट आज आहे. अडतं ते दुसरीकडे. काडी आम्लाने आणि वाफेने फोडली की फुरफुराल, अ‍ॅसेटिक आम्ल अशी यीस्टला मारक द्रव्यं तयार होतात आणि स्वच्छ साखरेवर तुरतुर पळणारं यीस्ट त्या रसात मलूल पडतं. शिवाय समोर ग्लुकोज असेपर्यंत ते झायलोजकडे फारसं वळतही नाही. सेल्युलोज तोडणारी एन्झाइम्स महाग, ती वेगळीच.

मांजरीकर: ताई, हे सगळं यीस्टच्याच सहनशक्तीचं काम झालं ना? मग माझीच बाजू झाली. हरियाणातल्या पानिपतचा २०२२ चा इथेनॉल कारखाना बघा: वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल हे उद्दिष्ट. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं.

प्रयोगशाळेतली: अर्धीच बाजू. एन्झाइमचा खर्च यीस्ट सोसणार नाही. आणि २ लाख टन पेंढा शेतातून वेळेत गोळा करून कोरडा ठेवायचा, हे कोणता जनुक करणार?

खोडवा_शेतकरी: आणि आमच्याकडून पाचट नेणार असाल, तर एकरी किती ठेवायचं ते आधी जमीन तपासून ठरवा. पाचटाचे गठ्ठे बांधायला नंतर या.